दुसरीतल्या मुलीला मध्येच काही क्षण भान नसते: अ‍ॅब्सेन्स सीझर कसे ओळखावेत, उपचार कोणते?

रानजाई

माझी मुलगी दुसरीत शिकते. सहामाही परीक्षेनंतर शाळेतून एकच तक्रार वारंवार येऊ लागली आहे. श्रुतलेखनात तिच्या वहीत मधलीच एक-दोन वाक्ये नसतात. अक्षर नीट असते, आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य बिनचूक असते, पण मधला तुकडा बाईंनी सांगितलाच नव्हता असे ती ठामपणे म्हणते. सुरुवातीला मला तो हट्ट वाटला. नंतर घरी पाढे म्हणताना लक्ष देऊन पाहिले. ‘सात चोक अठ्ठावीस’ म्हणून ती थांबते, समोर कुठेतरी बघत राहते, पापण्या बारीक फडफडतात आणि काही सेकंदांत ‘सात पंचे पस्तीस’ म्हणत पुढे जाते. मध्ये काय झाले असे विचारले तर तिला प्रश्नच कळत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयाचा दोष म्हणून सोडून दिले, सासूबाईंनी दृष्ट काढली आणि एका नातलगांनी मोबाइल बंद करण्याचा सल्ला दिला. मी वाचलेल्या माहितीत अ‍ॅब्सेन्स सीझर (काही क्षण भान हरपणारी फिट) हे नाव आले आणि वर्णन फार जुळते आहे असे वाटले. ज्यांच्या मुलांना हे झाले आहे किंवा ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया सांगावे: ही तंद्री आहे की फिट आहे हे घरच्या घरी किती ओळखता येते, कोणाला दाखवावे, कोणत्या तपासण्या लागतात आणि औषध सुरू करावे लागलेच तर मुलीच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी?

कृष्णाकाठ

रानजाईताई, तुमचे वर्णन वाचून मला आमच्या मुलाची पहिली इयत्ता आठवली. आमच्याकडे हे जेवताना लक्षात आले. घास तोंडात, चावणे थांबलेले, हात ताटाच्या वर तसाच, आणि थोड्या वेळाने जणू काही झालेच नाही असे चावणे सुरू. कंटाळलेले मूल जेवताना इकडेतिकडे बघते, पण चावता चावता जबडा थांबत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हाक मारून, खांद्याला हात लावून किंवा डोळ्यांपुढे हात हलवून तो भानावर येत नसे. जे काही व्हायचे ते आपल्या वेळेने संपत असे.

व्हिडिओ काढून ठेवा, हा माझा पहिला सल्ला. चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत दिसतील असा मोबाइल धरा. झटका चालू असताना स्वच्छ आवाजात एखादा शब्द सांगा, उदाहरणार्थ ‘लाल पतंग’, आणि मुलगी बोलू लागली की लगेच विचारा की मी आत्ता कोणता शब्द सांगितला. ही युक्ती आम्हाला एका डॉक्टरांनीच शिकवली होती. तंद्रीत असलेले मूल ओशाळे हसून का होईना, पण शब्द सांगते. आमच्या मुलाने एकदाही सांगितला नाही.

एक कडू अनुभवही सांगतो. सुरुवातीला एका ठिकाणी ‘फिट आहे ना, मग फिटचे औषध घ्या’ असे म्हणून कार्बामाझेपिन दिले गेले. त्यानंतर झटके कमी होण्याऐवजी वाढले. पुढे बालमेंदूविकारतज्ज्ञांनी ते हळूहळू बंद करून दुसरे दिले. त्यामुळे नुसती फिट आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती कोणत्या प्रकारची आहे हे कागदावर लिहून घ्या.

फळा_खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून वर्गाच्या बाजूने लिहिते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दहा सेकंदांची शांतता कोणालाच दिसत नाही. दंगा करणाऱ्या मुलाची नोंद होते, पण गप्प बसणाऱ्या मुलीची होत नाही, आणि हा आजार तर गप्पपणाच्या आड सहज लपतो. आमच्याकडे अशा मुलांबद्दल पालकसभेत ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हे वाक्य ठरलेले असते.

माझ्या निरीक्षणात फरक कळतो तो प्रसंगावरून. स्वप्नाळू मूल रटाळ तासाला हरवते. आवडीचा खेळ, गोष्ट किंवा मधल्या सुट्टीची घंटा आली की परत येते. झटके येणारे मूल स्वतः हात वर करून उत्तर देत असताना, शब्दाच्या मध्यावर थांबते. गाण्याच्या ओळीत, दोरीच्या उड्यांत, पळण्याच्या शर्यतीतसुद्धा थांबते. म्हणजे त्याला रस असताना थांबते. शिक्षकांना ही एकच खूण सांगितली तरी बरेच काम होईल. रानजाईताई, तुम्ही वर्गशिक्षिकेला तक्रारीच्या सुरात न सांगता छोटी नोंद ठेवण्याची विनंती करा: कोणत्या तासाला, काय चालू असताना आणि साधारण किती वेळ. डॉक्टरांना त्या कागदाचा उपयोग होतो. आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारा. मुलांना हे मोठ्यांच्या कितीतरी आधी कळलेले असते.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. येथे कोणाचेही निदान करणार नाही, कारण ते समोर मूल असल्याशिवाय करू नये. मात्र वर लिहिलेले वर्णन दुर्लक्ष करण्यासारखे नाही आणि थोडी विस्ताराने माहिती देणे योग्य ठरेल.

बालवयातला हा अपस्मार बहुधा ४ ते १० या वयात सुरू होतो आणि त्यातही ५ ते ७ या वर्षांत अधिक. मुलींमध्ये थोडा जास्त आढळतो. झटका एकाएकी सुरू होतो, साधारण ४ ते २० सेकंद टिकतो आणि तितक्याच एकाएकी संपतो. मूल पडत नाही, नंतर झोपत नाही, गोंधळलेले नसते. पापण्यांची फडफड, ओठ चाटणे किंवा कपड्याशी चाळा करणे अशा बारीक हालचाली दिसू शकतात. उपचार नसतील तर दिवसातून दहा-वीस वेळा, कित्येकदा त्याहून पुष्कळ अधिक वेळा असे होते. त्यामुळे ‘महिन्यातून एकदा हरवतो’ असे कोणी सांगितले, तर मी प्रथम दुसऱ्याच शक्यतांचा विचार करतो. या मुलांची वाढ आणि बुद्धी सर्वसाधारण असते.

कारण थोडक्यात असे. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि वरचे आवरण म्हणजे कॉर्टेक्स यांच्यात संदेशांची सतत ये-जा असते. झटक्यात ही सगळी ये-जा सेकंदाला सुमारे तीन या एकाच ठेक्यात अडकते आणि तो ठेका चालू असेपर्यंत बाहेरचे काही नोंदले जात नाही. बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीच्या) कागदावर हा सेकंदाला तीनचा आलेख दाखवला. आजही निदान त्याच आलेखावर उभे आहे. वैद्यकात इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ खूण फारशी सापडत नाही, म्हणून मला हा आजार शिकवायला आवडतो.

दवाखान्यातली सर्वांत उपयोगी परीक्षा अगदी साधी आहे. मुलाला तीन मिनिटे सलग जोरजोरात श्वास घ्यायला आणि सोडायला लावायचे. लहान मुलांना भिरभिऱ्यावर फुंकर मारायला सांगितले की ती आनंदाने करतात. उपचार सुरू नसलेल्या बहुतेक मुलांना एवढ्यात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर झटका येतो. मुलाने नीट तीन मिनिटे फुंकर मारूनही काहीच झाले नाही, तर या निदानाबद्दल शंका घ्यावी. ईईजी काढतानाही हेच करून घेतात. तिथला तंत्रज्ञ घाईत असेल आणि श्वासाचा भाग वगळत असेल, तर पालकांनी नम्रपणे पण आग्रहाने विचारावे, कारण त्याशिवाय नॉर्मल आलेल्या अहवालाचा अर्थ मर्यादित राहतो. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल अजिबात लावू नये. तेलकट टाळूवर लहरी टिपणाऱ्या चकत्या (इलेक्ट्रोड) नीट बसत नाहीत.

एमआरआय प्रत्येकाला लागतो असे नाही. वय, वर्णन आणि ईईजी तिन्ही जुळत असतील तर त्याची गरज सहसा पडत नाही. पण झटका अर्ध्या-पाऊण मिनिटाहून लांबत असेल, आधी पोटात कसेसे होणे किंवा भीती वाटणे अशी चाहूल लागत असेल, नंतर मूल गोंधळलेले किंवा पेंगुळलेले राहत असेल, एकाच बाजूचा हात आखडत असेल, तर तो मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटचा प्रकार असू शकतो. आपल्या देशात टेपवर्माच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे आणि तिथे स्कॅन करावाच लागतो. झटके ४ वर्षांच्या आत सुरू झाले असतील तर वेगळा विचार करावा लागतो. अशा थोड्या मुलांमध्ये मेंदूपर्यंत ग्लुकोज पोहोचवणाऱ्या वाहकाचा जन्मजात दोष असतो, आणि तिथे गोळ्यांपेक्षा कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार हाच मुख्य उपचार ठरतो.

सातपुडा

बालवैद्य सरांच्या फुंकरीच्या परीक्षेला एक जोड. मी नंदुरबारकडे आरोग्यसेवेत आहे. आमच्या भागात, तसेच मेळघाट आणि गडचिरोलीकडे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला जोरजोरात श्वास घ्यायला लावू नये, कारण त्यातून मेंदूचा रक्तपुरवठा कमी होण्याचा धोका असतो. येथे धागा वाचून कोणी पालक घरीच हा प्रयोग करतील अशी मला भीती वाटते. शाळेतल्या तपासणीत मिळालेले सिकलसेलचे कार्ड असेल तर ईईजीच्या वेळी ते आधी दाखवावे.

बालवैद्य

अगदी बरोबर, आणि हे मीच लिहायला हवे होते. तीव्र दमा, हृदयाचा आजार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तरीही ही परीक्षा करत नाहीत. घरी करण्याचे तर काहीच कारण नाही; आपोआप येणाऱ्या झटक्यांचा व्हिडिओ पुरेसा आहे.

जुना_वाडा

सर्वांचा अभ्यास चांगला आहे, परंतु इतक्या लहान मुलीला वर्षानुवर्षे गोळ्या देण्याआधी ब्राह्मी आणि शंखपुष्पी देऊन पाहावे असे सुचवतो. आमच्या ओळखीत एका ठिकाणाहून फिटची पुडी आणतात, तिनेही अनेकांना गुण आला आहे. शिवाय हे वयानुसार आपोआप जाते असेही ऐकले आहे. मग घाई कशाला?

मात्रा

मी औषधनिर्माता आहे, त्यामुळे पुडीबद्दल मला बोलावे लागेल. फिटवर हमखास गुण देणाऱ्या, घटक न लिहिलेल्या अशा पुड्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या तेव्हा काहींत फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही अ‍ॅलोपॅथीचीच औषधे सापडलेली आहेत. गुण येतो तो त्यामुळे. किती मात्रा पोटात जाते हे कोणालाच माहीत नसते आणि पुडी एकाएकी बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. या धाग्याच्या विषयात तर अशी पुडी दुहेरी धोक्याची, कारण फेनिटॉइन हे अ‍ॅब्सेन्स प्रकारात झटके वाढवू शकणारे औषध आहे. कृष्णाकाठ यांनी सांगितलेले कार्बामाझेपिन, त्याचा भाऊ ऑक्सकार्बाझेपिन, तसेच व्हिगाबॅट्रिन हेही त्याच यादीत येतात. ही औषधे वाईट नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या फिट्समध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो.

घाई कशाला या प्रश्नाचे उत्तर रानजाईताईंच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. दिवसभरात पन्नास वेळा दहा-दहा सेकंद गेले तर दुसरीचे वर्ष कसे जाईल याचा हिशेब करून पाहा. रस्ता ओलांडताना गेलेले दहा सेकंद तर वेगळेच मोजावे लागतील.

रानजाई

सर्वांचे आभार. व्हिडिओ मिळाला आणि शब्दाची परीक्षाही केली. तिला शब्द सांगता आला नाही. बालमेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली. त्यांनी समोर बसवून भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावली, तेव्हा दोन मिनिटे पूर्ण होण्याआधीच भिरभिरे थांबले आणि नंतर तिने विचारले की मी थांबू का. ईईजीमध्ये तेच सेकंदाला तीनचे आलेख आले. मोठी फिट तिला कधीच आलेली नाही आणि घराण्यात माझ्या मावशीला लहानपणी असे काही होत असे, एवढेच कळले.

डॉक्टरांनी इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट अशी दोन नावे सांगितली आणि आपले मत पहिल्याकडे झुकते असे म्हणाले, पण ते औषध मिळवायला थोडी धावपळ करावी लागेल असेही बजावले. दोन दिवसांत कळवायचे आहे. व्हॅल्प्रोएट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. निव्वळ मिळण्याच्या सोयीसाठी ते घेतले तर काय बिघडते, हे मला समजून घ्यायचे आहे.

बालवैद्य

हा प्रश्न फार नेमका आहे आणि सुदैवाने त्याला चांगल्या अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत ४५३ मुलांवर इथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन या तीन औषधांची तुलना केली गेली आणि निष्कर्ष २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. कोणत्या मुलाला कोणते औषध मिळते हे मुलाला आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत नव्हते. १६ आठवड्यांनंतर झटके थांबलेले आहेत आणि दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागलेले नाही, अशा मुलांचे प्रमाण इथोसक्सिमाइडमध्ये ५३ टक्के, व्हॅल्प्रोएटमध्ये ५८ टक्के आणि लॅमोट्रिजिनमध्ये २९ टक्के होते. पहिल्या दोघांतला फरक नगण्य ठरला, तिसरे मात्र स्पष्टपणे मागे पडले.

निवड ठरवणारी गोष्ट पुढे आहे. त्याच मुलांच्या एकाग्रतेची चाचणी घेतली तेव्हा व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के मुलांत लक्ष देण्याची अडचण दिसली, इथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत ३३ टक्के. ज्या मुलीला वर्गात लक्ष देता यावे म्हणून आपण औषध देतो, तिच्यासाठी हा फरक मोठा आहे. म्हणून फक्त अ‍ॅब्सेन्स झटके असतील तर पहिली पसंती इथोसक्सिमाइडला देतात. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि थॅलॅमसमधल्या ज्या कॅल्शियम मार्गांवर हा ठेका चालतो, तेच ते अडवते.

त्याची उणी बाजूही सांगतो. पोटदुखी, मळमळ, भूक कमी होणे, कधी उचक्या, कधी झोपेचा बिघाड हे त्रास होतात. जेवणानंतर देणे आणि मात्रा हळूहळू वाढवणे याने बरेच निभावते. अंगभर पुरळ, न उतरणारा ताप, घसादुखी किंवा अंगावर निळे डाग दिसले तर वाट न पाहता रक्त तपासावे. आणि हे औषध हातपाय झटकणाऱ्या मोठ्या फिटपासून संरक्षण देत नाही. ती आधी येऊन गेली असेल तर निवडीचे गणित बदलते.

थेम्सतीर

मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझ्या मुलीवर हेच उपचार झाले, म्हणून व्हॅल्प्रोएटविषयी येथील परिस्थिती सांगते. गरोदरपणात हे औषध घेतल्यास साधारण १० पैकी १ बाळात जन्मजात व्यंग आणि १० पैकी ३ ते ४ मुलांत पुढे वाढीच्या किंवा शिकण्याच्या अडचणी दिसतात. या कारणाने येथे २०१८ पासून मुली आणि स्त्रियांसाठी कडक नियम आले आणि जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणत्याही नव्या रुग्णाला, मग तो मुलगा असो की मुलगी, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मान्य केल्याशिवाय ते सुरू करत नाहीत.

सात-आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत गरोदरपणाचा विचार पालकांना विचित्र वाटतो, मलाही वाटला होता. पण चालू असलेले औषध वर्षानुवर्षे तसेच पुढे जाते, मध्ये डॉक्टर बदलतात, गाव बदलते, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते बदलण्याची आठवण कोणाला राहीलच असे नाही. वजन वाढणे आणि केस गळणे हे त्रास तर त्याआधीच सुरू होतात. कोणाची मुलगी सध्या व्हॅल्प्रोएटवर असेल तर घाबरून ते बंद मात्र करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

मात्रा

मिळण्याविषयी. इथोसक्सिमाइड आपल्याकडे प्रत्येक दुकानात ठेवलेले नसते, कारण मागणी कमी आहे. मोठ्या शहरातल्या, न्यूरॉलॉजीची औषधे ठेवणाऱ्या दुकानाला आधी फोन करा आणि बाटली संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा एक जास्तीची नेहमी घरात ठेवा. सिरप असेल तर घरातल्या चमच्याने देऊ नका. चमचे लहानमोठे असतात. खुणा असलेली सिरिंज दुकानातून मागून घ्या. कंपनी वारंवार बदलू नका आणि बदललीच तर बाटलीवर दर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचूनच द्या.

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ज्या गोळीच्या नावात ‘क्रोनो’ असते ती कुस्करून किंवा चावून देऊ नये. आणि मूल इतर कारणाने रुग्णालयात दाखल झाले आणि मेरोपेनेम हे अँटिबायोटिक देण्याची वेळ आली, तर व्हॅल्प्रोएट चालू असल्याचे आधी सांगा, कारण त्याने रक्तातले व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली येते. लॅमोट्रिजिनची मात्रा फार सावकाश वाढवतात, कारण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. बरोबर व्हॅल्प्रोएट असेल तर आणखी सावकाश.

रानजाई

औषध मिळाले, पुण्याहून मागवले. सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यात पोट दुखत होते, आता जेवणानंतर देते आणि तक्रार थांबली. झटके उघडपणे कमी दिसतात.

आता घरातला प्रश्न. सासूबाईंचे म्हणणे आहे की शाळेत सांगू नये, मुलीची जात आहे, उद्या बाहेर बोलले जाईल. त्या प्रेमापोटी म्हणतात हे मला कळते. शिवाय ती पोहायला शिकत होती, सायकलही नवी घेतली आहे. ते सगळे बंद करायचे का?

पूर्वीची_मी

मला हे झटके बाराव्या वर्षी सुरू झाले, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा बऱ्याच उशिरा. किशोरवयातला हा प्रकार वेगळा मानतात. झटके दिवसातून थोडेच येतात, पण मोठ्या फिट्सची शक्यता खूप अधिक असते आणि औषध बहुधा दीर्घकाळ लागते. मला पहिली मोठी फिट दहावीच्या अभ्यासाच्या जागरणानंतर आली. घरच्यांनी शाळेत सांगितले नव्हते, त्यामुळे वर्गात कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी तोंडात चमचा घातला. दात दुखावला तो त्या चमच्याने. सांगितले असते तर मला कुशीवर वळवून बाजूला बसणारे एक तरी माणूस असते.

सासूबाईंना एक माहिती द्या. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणाऱ्या फिट्स हा लग्नाच्या आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. कायद्याने तो काढून इतकी वर्षे झाली तरी घराघरांत तो चालूच आहे. मी लग्नाआधी सगळे सांगितले. एक स्थळ गेले आणि गेले ते बरेच झाले.

फळा_खडू

शाळेला सांगण्यासाठी डॉक्टरांचे अर्ध्या पानाचे पत्र पुरते. त्यात आजाराचे नाव, झटका कसा दिसतो, त्यावेळी काहीही करायचे नाही, ओरडायचे नाही, फक्त ती कोठे पडणार किंवा आपटणार नाही एवढे पाहायचे आणि संपल्यावर राहिलेले वाक्य पुन्हा सांगायचे, एवढे असावे. मी अशा मुलांना श्रुतलेखनात प्रत्येक वाक्य दोनदा सांगते. वर्गातल्या बाकीच्यांनाही त्याचा फायदाच होतो.

कृष्णाकाठ

पोहण्याबद्दल आमच्या डॉक्टरांनी सांगितलेले असे: झटके पूर्ण थांबेपर्यंत विहीर, नदी आणि खोल पाणी नको, तलावात गेलाच तर हाताच्या अंतरावर पोहणारा मोठा माणूस हवा, काठावर बसलेला नको. सायकल मोकळ्या मैदानात, रहदारीच्या रस्त्यावर नाही. न्हाणीघराला आतून कडी नको. झाडावर चढणे आणि कठडा नसलेली गच्ची काही काळ बंद. बाकी धावणे, कबड्डी, सहल यातले काहीच आम्ही थांबवले नाही.

बालवैद्य

कृष्णाकाठ यांची यादी योग्य आहे, त्यात वाढवण्यासारखे काही नाही.

रानजाईताई, ‘उघडपणे कमी दिसतात’ या तुमच्या शब्दांवर थोडे थांबू. दोन-तीन सेकंदांचे झटके घरच्यांच्या नजरेतून सुटतात. म्हणून काही आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा भिरभिरे हातात देतील आणि बहुधा ईईजीही काढतील. त्यात काही न दिसल्यावरच झटके थांबले असे म्हणता येते. पुरेशी मात्रा देऊनही ते थांबले नाहीत तर दुसरे औषध किंवा दोन्हींचा मेळ असे पुढचे मार्ग आहेत, पण त्याची चर्चा आज नको.

एकाग्रतेकडे वेगळे लक्ष द्यावे लागेल. मी वर सांगितलेल्या अभ्यासात औषध सुरू होण्याआधीच सुमारे एक-तृतीयांश मुलांना लक्ष देण्याची अडचण होती आणि झटके थांबलेल्या मुलांतही ती बऱ्याचदा टिकून राहिली. म्हणजे आलेख स्वच्छ झाल्यावरही श्रुतलेखनात चुका होत असतील, तर त्याचे खापर मुलीच्या आळसावर किंवा औषधावर लगेच फोडू नका. मानसशास्त्रज्ञांकडून एकाग्रतेची आणि अभ्यासाची चाचणी करून घ्या. गरज भासल्यास त्यावरही उपचार करता येतात. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा भाग हाच आहे, कारण झटके दिसेनासे झाले की सगळ्यांचे, आम्हा डॉक्टरांचेसुद्धा, काम संपल्यासारखे वाटते.

औषध किती काळ, हे तुम्ही अजून विचारलेले नाही, पण विचाराल. झटक्यांविना साधारण दोन वर्षे गेल्यावर ईईजी पाहून ते कमी करण्याचा विचार करतात. बालवयातल्या या प्रकारात सुमारे ६० टक्के मुले पुढे झटक्यांतून आणि औषधातून मुक्त होतात. काहींना पौगंडावस्थेत वेगळ्या प्रकारच्या फिट्स सुरू होतात, म्हणून तेव्हाही एक नजर ठेवावी लागते. औषध एकदम न थांबवता कित्येक आठवड्यांत थोडेथोडे उतरवतात. ती वेळ येईल तेव्हा वार्षिक परीक्षा होऊ द्या आणि मगच उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलगी दिवसभर तुमच्या डोळ्यांसमोर असताना, मात्रा उतरवायला सुरुवात करण्याविषयी डॉक्टरांशी बोला.